दिवाळीचं तेल

नवरात्र संपलं की माझ्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो, "तेल झालं का?" पुण्याची आतेबहीण विचारते, हैदराबादची मावशी विचारते. अमेरिकेतला भाचा तर गणपतीपासूनच कोण इकडून तिकडे जाणार आहे याची चौकशी करून ठेवतो, म्हणजे बाटली कोणाच्या बॅगेत घालायची ते ठरतं. हे वाचणाऱ्यांत निम्मे लोक नात्यातलेच आहेत, म्हणून प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. यंदा बाटल्या पाठवणार नाही.

रागावू नका. का ते सांगते. पण त्यासाठी जरा मागून सुरुवात करावी लागेल, आणि त्यात एक अशी गोष्ट येईल जी आपल्यातल्या बऱ्याच जणांना कळली होती आणि एकानेही तोंडातून काढली नाही. मी सुद्धा त्यातलीच.

ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांच्यासाठी आधी तेलाविषयी. परभणीच्या आमच्या घरी दिवाळीच्या आधी माक्याचं तेल होतं. वर्षभर डोक्याला आणि पहिल्या आंघोळीला अंगाला. माका म्हणजे भृंगराज. नाव भारदस्त असलं तरी रोप अगदी साधं, ओलीच्या कडेला आपोआप उगवणारं. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, तो आमच्या जिल्ह्यातून जातो. कालव्याच्या, चाऱ्यांच्या कडेला आणि पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या रानाच्या बांधाला श्रावण-भाद्रपदात माका मुबलक असतो. बारीक पांढरी फुलं, खरखरीत पानं. खरा माका ओळखायची आईची खूण म्हणजे पान बोटात चुरडायचं आणि जरा थांबायचं. हिरवा रस बघता बघता काळपट होतो आणि बोटाला डाग पडतो. पिवळ्या फुलांचं एक रोप बागेत शोभेला लावतात, त्यालाही लोक माका म्हणतात. आई त्याला हात लावत नाही.

तेल तिळाचं. आमच्याकडे खाण्याला करडईचं आणि डोक्याला तिळाचं, ही पूर्वापारची वाटणी. करडई तर परभणीचीच म्हणायची. इथल्या कृषी विद्यापीठाने (1972 साली झालेलं, 2013 पासून वसंतराव नाईकांच्या नावाचं) काढलेल्या एका वाणाचं नावच 'परभणी कुसुम' आहे. पण करडईचं तेल लवकर खवट होतं. तिळाच्या तेलात मुळातच असे घटक असतात की ते बराच काळ टिकतं. आईला हे घटक वगैरे माहीत नाहीत. ती म्हणते, "करडी तव्यावर, तीळ टाळूवर." खोबरेल आमच्याकडे दुकानातून येणारी वस्तू, आणि परभणीच्या थंडीत बाटलीत दगड होऊन बसणारी. तिळाचं तेल डिसेंबरच्या पहाटेही धार धरून ओतता येतं.

आता कृती. एक भांडं तेल, दोन भांडी माक्याचा रस, आणि पाव भांडं वाटण. वाटणात जास्वंदीची फुलं, मूठभर कढीपत्ता, मूठभर मेंदीचा पाला, आणि काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला नागरमोथा, जटामांसी, गव्हला. हे सगळं लोखंडी कढईत एकत्र करून मंद आचेवर ठेवायचं. आणि रसातलं पाणी पूर्ण जाईपर्यंत शिजवायचं. झालं.

हे "झालं" फसवं आहे बरं का. पाणी आहे तोवर कढईतला माल पाण्याच्या उकळीच्या, म्हणजे 100 अंशांच्या फार पुढे जात नाही. तुम्ही तास दोन तास इकडे तिकडे फिरून या, काही बिघडत नाही. पण शेवटचं पाणी गेलं की तेलाला धरून ठेवणारं काही उरत नाही, ते भराभर तापतं आणि तळाचा पाला काही मिनिटांत करपतो. त्याच्या आधी उतरवलं तर पाणी राहतं आणि तेलाला महिन्याभरात बुरशी येते. नंतर उतरवलं तर जळकं. मधली वेळ अगदी थोडी. सगळं तेल त्या थोड्या वेळावर अवलंबून.

ती वेळ आई नाकाने पकडायची. कढई गॅसवर ठेवून ती देवघरात वाती वळत बसायची, नाहीतर पुढच्या खोलीत अनारशाचं पीठ चाळत. आम्ही पोरं मध्येच कढईत डोकावायचो तर तिथे आपला हिरवा चिखल रटरटत असायचा. आणि अचानक तिकडून हाक यायची, "अगं बंद कर! झालं!" आम्ही धावत जाऊन बंद करायचो. कधी चुकलं नाही. आम्ही विचारायचो, आई तुला कसं कळतं? तर म्हणायची, "हिरवा वास जातो अन् भाजल्या तिळाचा येतो, त्याच्या मधी एक वास आहे." तो मधला वास मला आजवर नीट कळलेला नाही.

एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, आईला कोविड झाला. तेव्हा ती 74 वर्षांची होती. घरीच बरी झाली, आम्ही देवाचे आभार मानले. चव गेली, वास गेला म्हणत होती, पण तेव्हा कोणाचा जात नव्हता? दोन महिन्यांनी फोनवर विचारलं तर म्हणाली, "आलाय की सगळा." मी नांदेडला राहते. तासा-दीड तासाची गाडी आहे, पण त्या दिवसांत जाणं येणं कमीच होतं. विषय संपला.

2021 च्या दिवाळीचं तेल जरा कच्चं होतं. फिकट हिरवं, आणि संक्रांतीपर्यंत बाटलीच्या तळाला गढूळ थर. मला वाटलं रस जास्त झाला असेल.

2022 ला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, 24 ऑक्टोबरला. त्यामुळे पहाटेपासून घरात नुसती गडबड. दादाच्या पाठीला वहिनी तेल लावत होती, मुलं पाटावर रांगेत बसलेली, बाहेर फटाके. मी वाटीत बोट बुडवलं आणि थबकले. तेल काळं होतं, आणि त्याला जळकट वास येत होता. थोडाथोडका नाही. तव्यावर पोळी विसरल्यावर येतो तसा. मी वहिनीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून दादाची पाठ चोळत राहिली. दादा काही बोलला नाही. माझ्या मुलीने नाक मुरडलं, तर मी तिला चिमटा काढला. आणि आई दारात उभी राहून हसत विचारत होती, "कसं झालंय?"

"छान झालंय," आम्ही सगळे म्हणालो.

त्या दिवाळीनंतर बाटल्या गेल्या. पुण्याला गेल्या, हैदराबादला गेल्या, अमेरिकेलाही एक गेली. मंडळी, तुम्ही सगळ्यांनी फोन करून "मस्त आहे तेल" म्हणून सांगितलं. एकीने तर मला नंतर कबूल केलं की तिने ते दिव्यात घातलं. तुम्हाला दोष देत नाहीये. म्हाताऱ्या माणसाने एवढं हौसेने केलंय, कशाला मन दुखवायचं, असंच मलाही वाटलं होतं.

खरं कळलं ते फेब्रुवारी 2023 मध्ये. परभणीचा उरूस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा हा उरूस दर वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो आणि सगळं गाव लोटतं, कोण हिंदू कोण मुसलमान काही नाही. पाळणे, खेळण्यांची दुकानं, मिठाई, आणि अत्तरवाले. आई दर उरुसाला एक छोटी कुपी हिन्याचं अत्तर घेते. त्या दिवशी अत्तरवाल्याने तिच्या मनगटावर एक बोट फिरवलं. तिने हुंगलं आणि म्हणाली, "हाच. छान आहे. हाच द्या."

अत्तरवाला गोंधळून म्हणाला, "अम्मा, यह तो मोगरा है. हिना अभी निकाल रहा हूँ."

आई हसली. "गर्दीत कळलं नाही," म्हणाली. पण मी तिच्या शेजारीच उभी होते, मोगऱ्याचा वास माझ्यापर्यंत भपकन आला होता. हिना आणि मोगरा! ज्या बाईला देवघरातून कढईतला मधला वास कळायचा, तिला.

मी तिथे काही बोलले नाही. रात्री झोप लागेना. आधी तेलाचा विचार करत होते, की अच्छा, म्हणून ते करपलं. आणि मग एकदम पोटात गोळा आला. घरात गॅस आहे. दादा-वहिनी दोघं कामावर जातात, मुलं शाळेत, आई दिवसभर एकटी, आणि स्वयंपाकघरात तिचा जीव. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. सगळा बंदोबस्त नाकावर. आणि तिला नाकच नाही. आम्ही चार महिन्यांपूर्वी पाटावर बसून "छान झालंय" म्हणालो होतो, ते कशावर पांघरूण घालत होतो ते तेव्हा लक्षात आलं.

सकाळी आधी वहिनीला गाठलं. खरं सांगते, मी जरा तावातच होते, की तू रोज घरात असतेस, तुला कसं कळलं नाही? ती शांतपणे म्हणाली, "मला दीड वर्षापासून माहितीय. दोनदा दूध करपलं. एकदा बटण सुरू होतं आणि ज्योत विझलेली, मी आले म्हणून कळलं. तेव्हापासून बाहेर पडताना सिलिंडर खालूनच बंद करून जाते. दुपारचा चहा थर्मासमध्ये करून ठेवते." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणालात तर लेक काळजी करते. मी म्हणाले असते तर सून सासूला ओट्यावरून उठवते. तुम्ही तरी मला काय म्हणाला असता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दीड वर्ष ही एकटी पहारा देत होती, आणि दिवाळीच्या पहाटे माझ्याकडे बघून तिने जी मान खाली घातली होती, तिचा अर्थ मी "माझ्यासारखीच गप्प बसलीय" एवढाच लावला होता.

मग आईला मीच सांगितलं. चहा पिता पिता, फार प्रस्तावना न करता. आई, तुला वास येत नाही ना?

ती बराच वेळ कपात बघत राहिली. "नाही येत," म्हणाली. "त्या तापापासून. लिंबू कळत नाही, हिंग कळत नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला ओट्याजवळ उभं राहू दिलं असतं का?"

नसतं दिलं. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मग मी तेलाचं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, चिडली. इतकी चिडलेली मी तिला फार कमी वेळा पाहिलंय. "करपलेलं होतं? अन् लेकरांच्या अंगाला लावलं तुम्ही? मी दारात उभी राहून विचारायले, अन् तुम्ही छान म्हणायलात! कामून?" नाक गेल्याचं तिने पोटात ठेवलं होतं, आमचं "छान" मात्र तिला सहन झालं नाही. "मी शिकले तेव्हा माझ्या आईनं तीन वेळा कढई अंगणात ओतून दिली होती," म्हणाली. "तोंडावर सांगितलं, जाळलंस म्हणून. म्हणून आलं मला."

घरात गॅसगळतीचा अलार्म बसवला. डॉक्टरांनी तिला रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी यांचा वास घ्यायला सांगितलं. नाकाची तालीम म्हणे. ती नेमाने करते. लवंग कधी कधी "असल्यासारखी वाटते" एवढंच म्हणते. 2023 च्या दिवाळीला तेल झालं नाही. दुकानातून आणलेल्या बाटलीने आंघोळी उरकल्या. आई त्याबद्दल काही बोलली नाही, आणि आम्हीही नाही.

नंतरची गोष्ट माझ्या फजितीची आहे. 2024 च्या उन्हाळ्यात नांदेडला माझ्या कुंडीतला मोगरा भरभरून फुलला. म्हटलं आपण मोगऱ्याचं तेल करू, यात विस्तवाचं काम नाही, करपायची भीती नाही. सकाळची ताजी फुलं बरणीत घातली, वर तिळाचं तेल ओतलं, आणि बरणी गच्चीत उन्हात ठेवली. दहा दिवसांनी उघडली तर आंबूस भपकारा, वर फेस, फुलांचा तपकिरी लगदा. बरणी घेऊन परभणीला गेले. आईला सांगायला, की बघ बाई, तुझी लेक.

तिला वास कळणार नव्हताच. तिने चष्मा लावला, बरणी उजेडात धरून हळूच तिरकी केली आणि म्हणाली, "तळाला बघ. पाणी." खरंच तेलाच्या खाली पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळत होते. "ओलं फूल तेलात घातलंस तर तेल नासणारच. फुलाचा वास पाहिजे, फूल नको."

आणि मग तिने तिच्या आजीची पद्धत सांगितली, जी मी पन्नास वर्षांत कधी विचारली नव्हती. मोगरा तेलात घालायचाच नाही. धुऊन कडक वाळवलेले पांढरे तीळ पंचावर पसरायचे, वर संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्यांचा थर, वर पुन्हा तीळ. सकाळी फुलं वेचून टाकायची, संध्याकाळी नव्या कळ्या. असं आठ-दहा दिवस. तीळ वास पिऊन घेतात. मग ते तीळ घाण्यावर द्यायचे, तेल वास घेऊनच बाहेर पडतं. जुनं फुलेल तेल ते हेच. उत्तरेत जौनपूर, कनौजकडे चमेलीचं तेल असंच होत आलं आहे. मोगरा-चमेलीची कळी खुडल्यावरही उमलत राहते आणि रात्रभर वास सोडत राहते, म्हणून तिला तापवायची गरज नाही, उलट तापवलं तर वास मरतो. पाला शिजवायचा, फूल शिजवायचं नाही. (जास्वंद घालतो ती वासासाठी नाहीच, तिला वास असतोच कुठे!)

तिचं बोलणं ऐकताना माझ्या लक्षात आलं की हिचं फक्त नाक गेलंय. डोळे आहेत, हात आहेत, कान तर माझ्यापेक्षा तिखट आहेत. आम्ही मात्र एका इंद्रियाबरोबर सगळी आईच ओट्यावरून उठवून ठेवली होती.

मी विचारलं, "आई, तुझी आई तेल झालं हे कसं ओळखायची? तिचं नाक तुझ्यासारखं होतं का?"

"छे," आई म्हणाली. "तपकीर ओढायची ती. तिला कुठला वास! ती वात करून बघायची."

मग मी जरा शोधाशोध केली. शार्ङ्गधर संहितेत तेल सिद्ध करण्याची रीत दिली आहे. वाटणाच्या चौपट तेल आणि तेलाच्या चौपट रस, असं प्रमाण. आमच्या घरात रस चौपटीचा दुप्पट कधी झाला कोण जाणे, बहुतेक गॅस महाग झाला तेव्हा. :) तेल झालं हे ओळखायच्या खुणा एक नाही, अनेक दिल्यात. वाटण बोटांत वळलं तर त्याची वात होते. ती विस्तवावर धरली तर तडतडत नाही. तेलावर फेस येतो. (तुपाचं उलट, तिथे फेस बसतो.) मग रंग आणि वास. एका दिवसात घाईने तेल पुरं करू नये, असंही आहे. आजी तेल दोन संध्याकाळी करायची ते मला आठवतं. आम्ही त्याला तिचा सावकाशपणा समजायचो. मला त्या यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटली, की एका खुणेवर भिस्त ठेवलेली नाही. तपकीर ओढणाऱ्या बाईलाही तेल करता यावं, अशी सोय त्यातच आहे.

2024 च्या भाद्रपदात आईचा फोन आला. "माका आलाय. येतीस का?" बस्स, एवढंच.

मी गेले. वहिनीने दोन दिवस रजा टाकली. अंगणात बसून तिघींनी माका निवडला, बोटं काळी करून घेतली. वाटताना आई नुसती बसून सांगत होती. जास्वंदीचे देठ काढ. मेंदी जून घे, कोवळी नको. कढई गॅसवर चढली. आईने स्टूल मागवून घेतला आणि कढईजवळ बसली, पदर कानामागे सारून. पहिल्या संध्याकाळी अर्ध्यावर बंद करून झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा.

"ऐक," म्हणाली. मी ऐकलं, मला रटरट ऐकू आली. "हा पाण्याचा आवाज. जड." तासाभराने रटरट बारीक झाली. "आता बघ, तडतड सुरू झाली. आता इथून उठायचं नाही." वहिनी वाकून वास घेत होती. कडेने पांढरा फेस धरायला लागला. वहिनी म्हणाली, "आई, मला वाटतं झालं. तुम्ही म्हणता तो मधला वास आला." मी गॅसकडे हात नेला.

"थांब," आई म्हणाली. तिने पळीच्या टोकाने थोडं वाटण काढलं, फुंकर घातली, आणि बोटांत वळलं. वात झाली, पण मधेच तुटली. ती तुटकी वात तिने दुसऱ्या शेगडीच्या ज्योतीवर चिमट्याने धरली. चट् चट् आवाज झाला. "ओल आहे अजून," म्हणाली.

चारच मिनिटं झाली असतील. तडतड अशी विरळ होत गेली, पाऊस उघडताना पत्र्यावर होतो तसा आवाज. आईने पुन्हा वात वळली. लांब, गुळगुळीत. ज्योतीवर धरली, ती मुकाट्याने जळली. "बंद कर," आणि वहिनीला म्हणाली, "आता वास घे. हा ध्यानात ठेव." वहिनीने डोळे मिटून वास घेतला. मग मीही घेतला. मला तो आधीच्यासारखाच वाटला. माझं नाक बेताचंच आहे, पण वहिनीला फरक कळला. आईचा मधला वास आता वहिनीकडे गेला, माझ्याकडे नाही. जिने पहारा दिला तिच्याकडे गेला, ते ठीकच झालं.

तेल कोमट असताना मलमलच्या फडक्यातून गाळलं, कोरड्या काचेच्या बाटल्यांत भरलं. पूर्ण गार होईपर्यंत बुचं लावायची नाहीत, नाहीतर वाफ आत धरते. त्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने वाटी हातात घेतली आणि दारात उभी राहून विचारलं, "कसं झालंय?" सगळे एकदम गप्प झाले. मग माझी मुलगी, जिला मी चिमटा काढला होता तीच, म्हणाली, "आजी, छान आहे, पण जटामांसी जरा जास्त झालीय."

आईने तिच्याकडे असं पाहिलं की काय सांगू. "व्हय? पुढच्या वर्षी कमी घालू," म्हणाली, आणि तिलाच सगळ्यांच्या आधी पाटावर बसवलं.

असो. तर यंदापासून बाटल्या बंद. हे माझं म्हणणं नाही, आईचं आहे. निरोप जसाच्या तसा देते. ज्याला तेल पाहिजे त्यानं माक्याच्या दिवसांत दोन दिवस परभणीला यावं, कढईपाशी बसावं, आपली बाटली आपण करून न्यावी. निवडायला माका आम्ही देऊ, झोपायला गच्ची आहे. दोन अटी आहेत. बाटल्या धुऊन कडक वाळवून आणायच्या, पाण्याचा एक थेंब चालणार नाही. आणि तेल करपलं तर करपलं म्हणायचं.